स्टँडवरचं लाल फडकं

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुतळाबाईंनी सलाइनच्या स्टँडला लाल फडकं बांधलं, आणि पंचवीसेक किलोमीटरवर, शहरातल्या छावणी भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या नातीने ते पाहिलं.

ही खूण पुतळाबाईंची स्वतःची. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे दिवस होते, तेव्हा धनगरांच्या तळावरची बाई लांब गेलेल्या माणसाला हाका मारत बसत नसे. काठीला फडकं बांधून काठी उभी केली की तो काय ते समजायचा. करमाडच्या या हॉस्पिटलात त्यांच्या नवऱ्याच्या, त्रिंबकरावांच्या, उशाशी घंटीचं बटण होतं. ते दाबलं की करुणा सिस्टर यायची. चार दिवसांत पुतळाबाईंनी ते एकदाही दाबलं नव्हतं. घरची पोरगी वरच्या कॅमेऱ्यातून बघत असताना परक्या पोरीला कशाला पळवायचं, असं त्यांचं म्हणणं. फडकं गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या उपरण्याचं होतं आणि ते फाडताना त्यांना जराही वाईट वाटलं नव्हतं.

करमाडच्या हॉस्पिटलात आयसीयूच्या चार खाटा होत्या आणि आयसीयूचा डॉक्टर एकही नव्हता. असा डॉक्टर त्या बाजूला राहायला येत नाही, आणि आला तर टिकत नाही. म्हणून प्रत्येक खाटेवर कॅमेरा बसवला होता, आणि मॉनिटरवरचे आकडे थेट छावणीतल्या कंट्रोल रूममध्ये जात. तिथे डॉक्टर विशाखा आणि त्यांच्या नर्सेस अशा सात-आठ लहान हॉस्पिटलांवर नजर ठेवत. एरवी एका नर्सकडे पंधरा खाटा असत. त्या शुक्रवारी दोघी रजेवर होत्या, बदली माणूस मिळाला नव्हता, म्हणून दिपालीकडे वीस आणि शेजारच्या टेबलावरच्या राजेंद्रकडे वीस.

दिपालीच्या वीस खाटांतली एक तिच्या आजोबांची आहे, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. नियम साधा होता. नात्यातला पेशंट आला की सांगायचं आणि खाट दुसऱ्याकडे द्यायची. मंगळवारी आबांना निमोनिया होऊन दाखल केलं, तेव्हा ती सांगणारच होती. पण बुधवारी घरात जो तह झाला त्यात ती सापडली.

तहाला कारण तिचे काका, रामहरी. शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर, राहायला शहरात, आणि दिपाली त्यांच्याकडेच राहते. डॉक्टर जिथे खाटेशी उभा असतो अशा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आबांना न्यायचं, असं त्यांनी मंगळवारीच जाहीर केलं होतं. दिपालीचे वडील अजिनाथ गावात मेंढरं आणि शेत बघतात, त्यांचं म्हणणं उलट. डॉक्टर विशाखांनीही स्पीकरवरून स्पष्ट सांगितलं होतं की फुप्फुसं जरा सावरेपर्यंत तासभर अँब्युलन्समध्ये घालणं धोक्याचं आहे, रविवार जाऊ द्या. रामहरी ऐकेनात. शेवटी त्यांच्या बायकोने, सुकेशनीने, तोड काढली. आपली दिपालीच बघते म्हटल्यावर आबा शहरात असल्यासारखेच झाले की. त्यावर रामहरी तयार झाले, पण निदान दिवसा तरी दिपालीनेच बघायचं या अटीवर.

"दुसऱ्याचा भरवसा नाय," ते म्हणाले होते. "राखणदार आबांसारखा झोपला तर?"

सगळे हसले होते. आबा झोपले आन लांडगा आला, ही या घराची सर्वांत जुनी थट्टा. तरुणपणी भर दुपारी राखणीला बसलेल्या त्रिंबकरावांचा डोळा लागला आणि लांडग्याने दुसऱ्यांची तीन कोकरं नेली. तळाने त्यांना वर्षभर राखणीला बसू दिलं नाही. घरातलं एकही लग्न या गोष्टीवाचून पार पडलं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी ती काढायचंच, आणि आबा मान खाली घालून बुंदी खात राहायचे.

तर शुक्रवारी दिपालीने फडकं पाहिलं आणि कॅमेरा जवळ आणला. आबांचे आकडे ठीक होते. ते मास्कशी झटापट करत होते, इतकंच. तिने स्पीकरवरून आजीला विचारलं, तेव्हा मास्कचा पट्टा कानामागे काचतोय असं कळलं. तिने करुणा सिस्टरला फोन लावला, पट्ट्याखाली कापूस ठेवून घेतला, आबांना दोन घोट पाणी पाजवून घेतलं, आणि आजीने हात वर करून बरं आहे अशी खूण केल्यावरच कॅमेरा मागे नेला. या सगळ्याला सहा मिनिटं लागली.

त्या सहा मिनिटांत दुसऱ्या एका तालुक्यातल्या हॉस्पिटलात, दोन नंबरच्या खाटेवरच्या बावन्न वर्षांच्या बाईचा ऑक्सिजन एक्याण्णववरून अठ्ठ्याऐंशी आणि तिथून ब्याऐंशीवर आला. अलार्म वाजला. दिपालीने तो ऐकला. त्या बाईच्या बोटाची क्लिप सकाळपासून दोनदा निसटली होती, आताही तेच असणार, असं धरून तिने न बघताच आवाज बंद केला. शेजारून राजेंद्रने तो आकडा पाहिला नसता तर पुढचं सांगायला नको. त्याने फोन केला, तिथला डॉक्टर धावला, नळी घालून श्वास मशीनवर घेतला. बाई वाचली, निदान दुपारपर्यंत तरी.

सगळं निवळल्यावर राजेंद्रने एवढंच विचारलं, "करमाडच्या चार नंबरवर एवढं काय होतं गं?"

"काही नाही," दिपाली म्हणाली.

दोन वाजता तिची ड्युटी संपली. राजेंद्र आणखी एक पाळी करणार होता, कारण संध्याकाळचं माणूसही आलं नव्हतं. जालना रोडने स्कूटीवरून करमाडला जाताना तिच्या मनात त्या बाईपेक्षा ते 'काही नाही' जास्त घोळत होतं. चूक कुणाच्याही हातून होते, असं तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. चूक झाल्यावर 'काही नाही' म्हणायचं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनेच केलं होतं.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर घर जमलं होतं. अजिनाथ मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आले होते. रामहरींनी अर्धी रजा टाकली होती. सुकेशनीने डबा उघडला होता. आत एकाच माणसाला परवानगी, त्यामुळे पुतळाबाई आत होत्या आणि बाहेर बातमी चांगली होती. आबांचा ताप उतरला होता. चार दिवस एकमेकांशी तोंडदेखलं बोलणारे दोघे भाऊ एका ताटलीत भाकरी मोडत होते.

दिपालीला पाहून रामहरी स्वतः उठले आणि आपली खुर्ची तिला दिली. भावाला म्हणाले की पोरगी नुसत्या फडक्यावरून माणूस ओळखते, आजीने बांधलं आन मिनिटात सिस्टर हजर. अजिनाथांना ते ऐकायला आवडलं. घराण्यातली पहिली पगारी मुलगी त्यांची होती, आणि धाकट्या भावाच्या तोंडून तिचं कौतुक ते पहिल्यांदाच ऐकत होते.

दिपालीने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. फडकं, सहा मिनिटं, बंद केलेला अलार्म, ती बाई, राजेंद्रने केलेला फोन. चार दिवस डॉक्टर विशाखांपासून लपवल्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाली की आज मॅडमना सांगणार आहे, म्हणजे आबांची खाट दुसऱ्याकडे जाईल.

त्यावर जे झालं त्यात बुधवारच्या बाजू उलटसुलट झाल्या.

अजिनाथांनी मुलीला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांदेखतच सांगितलं की गप राहा. रविवारपर्यंतचा प्रश्न आहे. बाई वाचली ना, मग झालं. त्यांच्या मनात आबा होतेच, पण त्याहून मोठी भीती मुलीच्या नोकरीची होती. ती गेली तर गावात काय सांगायचं, हा विचार त्यांनी बोलून दाखवला नाही. तो तसाही सगळ्यांना दिसत होता.

बुधवारी ज्यांनी अट घातली होती ते रामहरी मात्र भावावर उखडले. कारखान्यात त्यांच्या लाइनवर कुणी अलार्म न बघता बंद केला तर ते त्याला गेटबाहेर काढतात. तिथे तर नुसता लोखंडाचा पार्ट बिघडतो.

"चूक झाली ते सांगावंच लागतं, भाऊ," ते म्हणाले. "तिनं सांगावं. पण मग माझा शब्द संपला. परक्या माणसाच्या कॅमेऱ्यावर मी बापाला ठेवणार नाय. आत्ता गाडी बोलवतो."

"डॉक्टर नको म्हणतेत ना," अजिनाथ म्हणाले.

"डॉक्टरचा बाप हाये का तो?"

दिपालीला याचीच भीती होती. खरं सांगितलं तर आबा ऑक्सिजनच्या नळकांड्यावर तासभर रस्त्यात. गप राहिलं तर रविवारपर्यंत वीस खाटा, आणि त्यातल्या एकोणीस तिला अर्ध्याच दिसणार. रस्त्यात येताना तिने दोन्हीकडून विचार करून पाहिला होता आणि दोन्हीकडे माणूस मरत होता.

सुकेशनी इतका वेळ डब्याची झाकणं लावत होती. तोड तिनेच काढली होती, त्यामुळे या भानगडीत आपलाही वाटा आहे हे तिला कळत होतं. ती स्वतः एकावन्न वर्षांची, जवळपास त्या बाईच्याच वयाची. तिने विचारलं, "त्या बाईजवळ कोण असतं?"

"नाव माहीत नाही, काकी. एक म्हातारे असतात. चपलांची पिशवी मांडीवर धरून बसतात. कॅमेऱ्याकडं बघतसुद्धा नाहीत."

"तिचे मालक असतील," सुकेशनी म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता तिने दिपालीला सांगितलं की मॅडमना फोन लाव. रामहरींनी खिशातून आपला फोन काढला आणि अँब्युलन्सचा नंबर शोधायला घेतला. दोघा भावांचे आवाज चढले.

ते आवाज ऐकून पुतळाबाई बाहेर आल्या. त्यांनी करुणा सिस्टरला आत बसवलं होतं. हे त्यांनी चार दिवसांत पहिल्यांदाच केलं. काय झालं ते त्यांना तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, एक गोष्ट दिपालीला पुन्हा विचारली, की फडकं बघितलं तेव्हा दुसरा अलार्म वाजत होता का. दिपाली म्हणाली, नंतर वाजला, फडक्याकडे बघत असतानाच. पुतळाबाईंनी मान हलवली आणि पायरीवर बसल्या.

"अजिनाथ," त्या म्हणाल्या, "तुझी मेंढी व्यायला आली तर त्या दिशी राखणीला कोण बसतं?"

अजिनाथांना हा प्रश्न भलत्या वेळचा वाटला. पण आईने विचारलं म्हणून त्यांनी उत्तर दिलं. आपण बसत नाही, दुसऱ्याला बसवतो. आबांची रीत आहे ती. आजही ते पाळतात. आसपासचे धनगर त्यावरून हसतात, कारण ही रीत दुसऱ्या कुठल्याच तळावर नाही.

"आबांनी ती कशापायी घातली, इचारलंस कधी?"

त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

पुतळाबाईंच्या डोळ्यांसमोर तो माळ अजून तसाच होता. लग्नाला सहा महिने झालेले. माहेरहून आंदण आलेली एक तांबडी मेंढी, आणि तिचं पहिलं वेत. साठ वर्षं त्यांनी हे तोंडातून काढलं नव्हतं, कारण काढू नको असं नवऱ्याने एकदाच सांगितलं होतं, आणि मग इतकी वर्षं गेली की सांगायला जागाच उरली नाही. प्रत्येक पंगतीत ती थट्टा झाली की त्या वाढायला उठून जायच्या. आता मात्र त्यांना लाज वाटण्यापेक्षा जास्त घाई झाली होती.

"आबा झोपले नव्हते," त्या म्हणाल्या. "आबा पाण्याला गेलते. राखणीला मी बसलते. माझी माहेरची मेंढी अडली होती, माझं सगळं ध्यान तिच्याकडं. दोनशे मेंढरं समोर होती, पर मला एकच दिसत होती. कुत्रं भुकलं, ते बी ऐकलं मी. म्हटलं, भुकतंय उगं."

सुकेशनीचा हात डब्यावर तसाच राहिला.

"नवी सून होते. तळानं मला माहेरी धाडलं असतं. म्हून हे म्हणले, मी झोपलो होतो. वर्षभर हे खाली मान घालून हिंडले, मग जन्मभर तुम्ही हसलाव. मी बी हसले."

रामहरींच्या हातात फोन होता आणि त्यावर अँब्युलन्सचा नंबर निघाला होता. लग्नात ही गोष्ट सर्वांत रंगवून सांगणारे तेच. स्वतःच्या लग्नात तर त्यांनी घोरण्याची नक्कल करून दाखवली होती आणि आबांनी त्यावर टाळी दिली होती. ती टाळी त्यांना आता आठवली, आणि ते खुर्चीवरून उठून पोर्चच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

"माझ्या डोळ्यावर आपलं माणूस बसलं होतं म्हून तीन कोकरं गेली," पुतळाबाई म्हणाल्या. "आज बाई चालली होती. फडकं मीच बांधलं. दिपे, खाट दे त्या पोराकडं. आन आबा इथंच राहतील."

"आन बघणार कोण, माय?" रामहरींनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"जो बसलाय तो. आपल्यावर माया नसलेला."

दिपालीने पोर्चमधूनच डॉक्टर विशाखांना फोन केला. पलीकडून फारसं बोलणं झालं नाही. डॉक्टरांनी अलार्म कधी वाजला, कधी बंद केला ते विचारून घेतलं, मग सांगितलं की सोमवारी दहाला सगळं लिहून घेऊन माझ्याकडे ये, तोवर ड्युटी नाही, पुढचं तेव्हा बघू. आबांची खाट आत्ताच राजेंद्रकडे देते. आणि फोन ठेवण्याआधी म्हणाल्या की हे मंगळवारी सांगायला हवं होतं. दिपाली म्हणाली, हो मॅडम. अजिनाथांनी विचारलं, नोकरी राहील का. तिने माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि मग मात्र तिला रडू आलं. सुकेशनीने तिला जवळ घेतलं, बापाला ते जमलं नाही.

रामहरींचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी नंबर पुसला नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघतो, जरा वेगळं वाटलं तर गाडी बोलावतो, असं त्यांनी खांबाला सांगितल्यासारखं सांगितलं. मग आईच्या मागोमाग ते आत गेले. एकालाच परवानगी होती, म्हणून दारातच थांबले.

पुतळाबाईंनी आधी स्टँडवरचं फडकं सोडलं, घडी करून पिशवीत टाकलं. करुणा सिस्टरने घंटीचं बटण त्यांच्या हाताशी आणून ठेवलं आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली. एवढ्यात भिंतीवरचा कॅमेरा हलकासा वळला. चार दिवस तो वळला की पुतळाबाई त्याच्याकडे बघून हसायच्या, डोक्यावरून घसरलेला पदर सावरायच्याही नाहीत. आता त्यांनी पदर डोक्यावरून पुढे घेतला आणि पाय जवळ घेऊन बसल्या.

"नमस्कार आजी," स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला. "मी राजेंद्र. आता बाबांना मी बघतोय."

पुतळाबाईंनी हात जोडले. दुसऱ्या हॉस्पिटलातली ती दोन नंबरची बाई कशी आहे, हे त्यांनी आधी विचारलं. सांगावं की नाही, असं बहुधा राजेंद्रला वाटलं असेल. मग म्हणाला की टिकून आहेत.

"मग बघा, बाबा. सगळ्यांसंगं बघा," त्या म्हणाल्या. "आमचं म्हून येगळं नका बघू."

राजेंद्र हो म्हणाला आणि आवाज बंद झाला. कॅमेऱ्याचा दिवा तेवढा चालू राहिला.

त्रिंबकराव जागे होते. मास्कमुळे त्यांना बोलता येत नव्हतं, पण बाहेरचे चढलेले आवाज त्यांनी ऐकले असावेत. त्यांनी भुवया उंचावून बायकोकडे बघितलं. पुतळाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"सांगून टाकलं मी," त्या म्हणाल्या. "लांडग्याचं. पोरं बसली तोंडात मारल्यासारखी. आता पंगतीत काय सांगायचं त्यांनी?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मास्कवर आतून वाफ धरली, छाती वर-खाली झाली आणि मॉनिटरवरचा एक आकडा भराभरा वर चढला. दारातल्या रामहरींनी तो पाहिला, त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. पण त्यांच्या तोंडून शब्द निघण्याआधीच भिंतीवरून आवाज आला.

"आजी, चार नंबर, बाबांचे ठोके वाढलेत. श्वास लागतोय का? सिस्टरला पाठवतो. काय झालं?"

रामहरींनी हात खिशातून बाहेर काढला. तो रिकामा होता.

पुतळाबाईंनी पदराच्या आडून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "हसायलेत."